जातं ते परत येतं

पनवेल
८ एप्रिल २०२६

ती. जनीआत्यास,
दिपिकाचा नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात, तेव्हा तुझ्या मोरा गावच्या पोस्टमनची नोकरी टिकली आहे ती माझ्यामुळे. त्याला सांग, वर्षाकाठी एक किलो सुके बोंबील माझे त्याच्याकडे लागू आहेत.

तू निवृत्त झालीस तरी शाळेच्या गोष्टी ऐकल्याशिवाय तुला अन्न गोड लागत नाही, म्हणून लिहिते. सोमवारी तिसरी-चौथीला पदार्थांच्या अवस्थांचा पाठ घेतला. थर्मासमधून बर्फ नेला, मेणबत्ती नेली, वाटीभर खोबरेल नेलं. वितळवलं, पुन्हा थिजवलं. 'मूल ऐकलेलं विसरतं, केलेलं विसरत नाही' हे तुझंच वाक्य. शेवटी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जातं ते परत येतं'. पोरांनी त्याला चाल लावली, आणि घरी जाताना अख्खी वाडी ते ओरडत होती. जे परत येत नाही, म्हणजे जळलेला कागद, भाजलेली भाकरी, ते पुढच्या आठवड्यात घेणार आहे. दोन्ही एकदम सांगितलं की गोंधळ होतो.

गृहपाठ दिला, की घरून अशी वस्तू आणा जी जाते आणि परत येते. रामूने गुळाचा खडा आणला, एकाने रस्त्यावरचं डांबर काडीला गुंडाळून आणलं. सगळ्यांवर कडी केली चिंधीने. ही आमच्या वाडीतली कातकऱ्यांची पोर, चौथीत आहे. आईबाप वीटभट्टीवर जातात आणि शाळा बुडू नये म्हणून ही आजाजवळ राहते. तिने पळसाच्या पानात एक पांढरा खडा आणला. "बाई, ह्ये दुपारी उन्हात पानी व्हतं, सांजेला पुन्ना दगड व्हतो." मी वाटी गरम पाण्यात धरली तर खरंच दोन मिनिटांत पाणी. थंड पाण्यात धरली की सुयांसारखे स्फटिक. आत्या, चार वेळा केलं. बर्फासारखी घाई नाही, मेणासारखा चिकटा नाही. वास गोडसर, जुन्या दवाखान्यासारखा. काय आहे ते मला माहीत नाही, चिंधीलाही नाही. पण पाठासाठी असा पदार्थ शोधून सापडला नसता.

मंगळवारी केंद्रप्रमुख अविनाशसर अचानक आले आणि पाहून इतके खूश झाले की पुढच्या आठवड्यात या पाठाचा व्हिडिओ काढायचा म्हणाले. जूनमध्ये माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं भरतात. त्यांचा शेरा चांगला पडला तर कायम होण्यात अडचण नाही. खडा डब्यात घालून कपाटात जपून ठेवलाय.

पुढच्या पाठाला मिठागराचं जाडं मीठ हवंय. पाण्यात विरघळवून पुन्हा मीठ मिळवायचं. दुकानातल्या पिशवीतलं बारीक मीठ नको, पाठवशील ना?

तुझी
दिपिका

ता. क. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कालपासून पांढरी पडलीत. टाचणी टोचली तरी कळत नाही. गरम पाणी लागलं असेल. दुखत मात्र अजिबात नाही.

*

मोरा, उरण
११ एप्रिल, सकाळी

चि. दिपिका,

हे पत्र परेशच्या हाती पाठवतेय. तो तुला सकाळपासून फोन करतोय, लागत नाही. माझ्या दिराचा मुलगा आहे, त्याला चहा पाजत बसू नकोस. आधी हे वाच.

त्या खड्याला हात लावू नकोस. कोणाला लावू देऊ नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, ताजा कलम तीनदा. पांढरं पडणं, बधिर होणं आणि न दुखणं, ही गरम पाण्याची लक्षणं नाहीत. गरम पाण्याने माणूस कोकलतं. हा वास मला ठाऊक आहे. लाल कार्बोलिक साबण आठवतो का, आजी चुलीमागे ठेवायची तो? तोच वास तुझ्या काकांच्या, म्हणजे आमच्या ह्यांच्या कपड्यांना यायचा, ते तळोज्याला कामाला होते तेव्हा. फिनॉल म्हणतात त्याला. उन्हाळ्यात वितळतं, थंडीत थिजतं. कातडीतून आत जातं आणि जाताना दुखतसुद्धा नाही, हेच त्याचं वाईट. आत गेल्यावर ते मूत्रपिंड धरतं, हृदय धरतं. मुलांचं अंग केवढंसं असतं गं.

आज शनिवार आहे, मुलं घरी जायच्या आत सगळ्यांचे हात बघ. ज्याची बोटं पांढरी त्याला वाहत्या पाण्याखाली धर, खूप वेळ धर आणि तसंच दवाखान्यात ने. तूही जा. डॉक्टरांना नाव सांग, फिनॉल. लाजू नकोस.

खडा कुठे आहे ते मला कळव. आणि त्या मुलीने तो कुठून आणला ते विचार. माझा जीव तिथे अडकलाय.

आत्या

*

शाळेतून
११ एप्रिल, दुपार

आत्या,

परेशभाऊ दारात उभे आहेत म्हणून थोडक्यात. सगळं ठीक आहे. मुलांचे हात पाहिले. दोघांची बोटं जराशी पांढरट होती, साबणाने खूप धुतली, हसत घरी गेली. माझी बोटंही बरी आहेत. खडा लांब फेकून दिला. चिंधी आज आली नाही, सोमवारी आली की विचारते.

तू उगाच काळजी करू नकोस आणि कृपा करून कोणाकडे बोलू नकोस. परेशभाऊंनाही मी काही सांगितलेलं नाही. व्हिडिओचं रद्द करते, काहीतरी कारण सांगेन.

दिपिका

*

मोरा
१३ एप्रिल

चि. दिपिका,

सदतीस वर्षं मुलांच्या चिठ्ठ्या वाचल्यात मी. 'पोट दुखत होतं म्हणून आलो नाही' यातलं पोट कुठलं खरं आणि कुठलं खोटं ते मला अक्षरावरून कळायचं. तुझं अक्षर शनिवारच्या चिठ्ठीत उजवीकडे कलंडलंय. खडा 'लांब' फेकला म्हणतेस. विष फेकणारं माणूस जागा सांगतं, कारण तिथे कोणी जाऊ नये अशी त्याला भीती असते. तू जागा लिहिली नाहीस. म्हणजे खडा तुझ्याकडे नाही. परेशने काल चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस.

तुला भीती कशाची वाटते ते मी जाणते. म्हणून आज एक गोष्ट सांगते, जी तुझ्या बापालाही मी सांगितलेली नाही.

तुझे काका हृदयविकाराने गेले असं आपल्या घरात सगळे म्हणतात. मीच तसं सांगितलं होतं. त्या दिवशी ते पहिल्या पाळीवरून घरी आले, पँट मांडीपर्यंत ओली. म्हणाले, "नळी सुटली, थोडं उडालं. दुखत नाय." मांडी बघितली तर चुन्याने सारवल्यासारखी पांढरी. मी विज्ञानाची शिक्षिका होते, दिपे. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, दवाखान्यात गेलो तर कंपनीत कळेल, आणि ज्यांनी शब्द टाकून नोकरी लावली त्यांच्या तोंडाला काळं लागेल. गावचेच होते ते. रोज समोरून जायचे. मला पटलं. पटलं म्हणजे काय, मलाही लाजच वाटली. मी मांडीला खोबरेल चोळलं आणि त्यांच्याजवळ बसून राहिले. दोन तास. चार वाजता ते मला ओळखेनात. दिवेलागणीला गेले.

मी दोन तास काय केलं हे मला कोणी विचारलं नाही. म्हणून मीच रोज विचारते.

आता नीट ऐक. परवापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वाडीतल्या मुलीला हे सापडेल कुठे? नाल्यात सापडलं असेल तर एक वेळ बरं. पण आपल्याकडे भंगारवाले कंपनीची निळी पिंपं विकतात, आणि लोक ती पाण्याला घेतात. आपल्या घरातही एक होतं. पिंपाच्या तळाला चिकटलेलं तिने खरवडलं असेल, तर ते पिंप आता कुठे आहे? त्यात काय भरलंय?

परेश उद्या सकाळी पाळी बदलून तुझ्याकडे येतोय. गाडी त्याचीच आहे. त्याला घे आणि त्या मुलीकडे जा. तो विचारेल ते सगळं सांग, आणि वाटेत सांग, म्हणजे परत फिरता येणार नाही.

तुझी
जनीआत्या

*

पनवेल, दवाखान्यातल्या बाकावरून
१६ एप्रिल

आत्या,

मी खोटं लिहिलं होतं.

गुरुवारी मी तो खडा चिंधीला परत दिला होता. व्हिडिओत तिनेच प्रयोग करून दाखवावा असं माझ्या मनात होतं, म्हणून म्हटलं, घरी सराव कर. मीच दिला, तिच्या ओंजळीत दिला. शुक्रवारी ती आली नाही. शनिवारी तुझं पत्र वाचलं तेव्हा कपाटात डबा रिकामा होता. परेशभाऊंना वाटेला लावलं आणि वाडीत धावत गेले. तिच्या खोपटाला बाहेरून कडी. शेजारची सखूबाई म्हणाली, "तिचा बाप काळूराम आला व्हता, म्हाताऱ्याला न् पोरीला भट्टीवर घेऊन गेला. तळोज्याच्या पल्याड, कंची भट्टी ते नाय ठावं." मी विचारलं नाही की कोणाला ठाऊक असेल. जास्त विचारलं असतं तर तिने का म्हणून विचारलं असतं. रविवारी स्कूटरवरून दोन भट्ट्या फिरले. मुकादमाला सांगितलं, हजेरीच्या कामाला आलेय. तिसरी भट्टी दिसत होती, धूर दिसत होता आत्या, पण मी वळले. मनाशी म्हटलं, तिने खडा कधीच टाकून दिला असेल. सोमवारी हजेरी घेताना तिचं नाव आलं तेव्हा मी मान वर केली नाही.

काल नाही, परवा परेशभाऊ तुझं पत्र घेऊन आले. पिंपाचं वाचलं आणि मला आठवलं. चिंधी पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "बापानं नवीन पिंप आनलंय." मी त्याला 'हो का, छान' म्हटलं होतं.

वाटेत परेशभाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी गाडी जोरात घेतली.

ती तिसरीच भट्टी होती. खोपटांच्या रांगेत शेवटच्या दारासमोर निळं पिंप, काळूरामने वाडीतून इथे आणलेलं, पाण्याने काठोकाठ भरलेलं, वर फळी. तिथे टँकर दोन दिवसांतून एकदा येतो. मी आधी पिंपाकडे गेले की चिंधीकडे ते मला आता सांगता येत नाही. चिंधी उंबऱ्यात बसली होती, डावा हात पाणी भरलेल्या मातीच्या परळात बुडवून. मला बघून लाजली. हात काढायला लावला तर दोन बोटांची टोकं काळीनिळी, त्यांच्या खालचं कातडं तपकिरी, सुटत आलेलं. खडा तिने चोवीस तास मुठीत धरला होता, कोणी घेऊ नये म्हणून. मी विचारलं, "अगं, कोणाला दाखवलं का नाहीस?"

म्हणाली, "जातं ते परत येतं ना बाई. थंड पान्यात ठेवलंय. उंद्या-परवा येतील बोटं."

आत्या, मी तिला दुसरा पाठ शिकवलाच नव्हता.

मी वळून म्हटलं, या पिंपातलं पाणी कोणी प्यायलंय का? काळूराम म्हणाला, "पोरं नाय प्याली अजून. आमच्या घरात नवीन भांड्याचं पयलं पानी म्हातारा पितो. येक दिस बघायचं, मंग पोरांनी." गोमाआजाने आदल्या संध्याकाळी दोन घोट घेतले होते. तोंड वाकडं करून म्हणाला होता, पिंपाची चव आहे, जाईल. पिंप आजाने स्वतः राखेने घासलं होतं, गार पाण्याने धुतलं होतं. तळाच्या कडेला पांढरं राहिलं ते चुना वाटून सोडून दिलं. गार पाण्याने ते निघालंच नाही. मग पिंप भरून उन्हात ठेवलं, आणि दुपारभर ते हळूहळू पाण्यात उतरत राहिलं. आजा आत पडून होता. रात्रभर उलट्या झाल्या होत्या, ओठ पांढरे, लघवी काळी.

मी पिंप ढकललं. एकटीने हलेना, परेशभाऊंनी हात लावला. सगळं पाणी मातीत गेलं. बायका हंडे घेऊन धावत आल्या. एक म्हणाली, "बाई, येडं लागलंय का, परवाशिवाय टँकर नाय." पोरं ओल्या मातीकडे धावली, त्यांना मी खेकसून मागे ओढलं. माझ्याकडे सगळे अंगावर आल्यासारखे बघत होते. तेव्हा मी मोठ्याने सगळं सांगितलं. ते विष आहे, मी ते वर्गात वितळवलं, मी ते चिंधीच्या हातात दिलं आणि मला शनिवारी कळलं.

कोणी मारलं असतं तर बरं झालं असतं. काळूराम म्हाताऱ्याला पाठीवर घेत होता. थांबून एवढंच म्हणाला, "शनवारी कळलं व्हतं, तर बाई, शनवारी का नाय आल्या?"

म्हातारा सोमवारी प्यायला. मध्ये दोन दिवस होते.

इथे डॉक्टरांना नाव सांगितलं, फिनॉल. त्यांनी लगेच सूत्रं हलवली. वर्गातल्या त्या दोघांना आणि मलाही तपासलं, आमचं वरवरचं निघालं. चिंधीची बोटं किती राहतील ते अजून सांगत नाहीत. आजाला मुंबईला हलवतायत, मूत्रपिंडं बंद पडत आली आहेत. चिंधी सारखी विचारते, आजा कुठे गेला. मी 'मुंबईला' एवढंच म्हणते. तिच्यासमोर 'परत' हा शब्द काढायची मला भीती वाटते.

आज सकाळी काळूरामने डबा आणला तेव्हा अर्धी भाकरी मलाही दिली. मी ती रुमालात बांधून ठेवली आहे.

दिपिका

*

मोरा
१७ एप्रिल

चि. दिपिका,

परेशने आल्यावर सगळं सांगितलं. रागावू का तुझ्यावर? रागावायला मी कोण, ते तू आता जाणतेस. माझे दोन तास आणि तुझे दोन दिवस एकाच मापाचे आहेत.

पण एक काम राहिलंय आणि तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. भंगारवाल्याने काय काळूरामला एकट्यालाच पिंप विकलं? ती गाडीने येतात, एका कंपनीची एकदम आठ-दहा. बाकीची कुठल्या खोपटांसमोर भरून ठेवलीत? आज कुठला म्हातारा पहिला घोट घेतोय?

पोलिसांत जा आणि लिहून दे. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडेही लिहून दे. खड्यापासून सुरुवात कर, स्वतःचं नाव टाक, तारखा टाक. त्याशिवाय कोणी पिंपं शोधायला निघणार नाही. तोंडी सांगितलं तर 'बघतो' म्हणतील आणि चहा सांगतील. नोकरीचं काय होईल ते होईल. मी खोटं बोलून घराची अब्रू वाचवली, आणि त्यानंतर त्याच कंपनीत अजून दोघांच्या अंगावर नळी सुटली. हे मी मागच्या पत्रात लिहायला धजले नव्हते.

मीठ सोबत पाठवतेय. पेणच्या बाजूच्या एका मिठागरातून मागवलं, आपली मिठागरं तर बंदराने कधीच गिळली. लगेच घ्यायला होणार नाही तुझ्याच्याने. पण तो पाठ घे. अर्धवट शिकवलेलं सोडू नकोस.

आत्या

*

पनवेल
२३ एप्रिल

ती. आत्यास,

गोमाआजा शनिवारी संध्याकाळी गेला. मी तिथे होते. चिंधीला तिच्या आईने सांगितलं, मला धीर झाला नाही.

सोमवारी सकाळी दोन्हीकडे लिहून दिलं. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी तीनदा विचारलं, "मॅडम, हे शनिवारचं ठेवायचंच का?" मी ठेवा म्हटलं. त्यांनी मात्र लगेच भंगारवाल्याला उचललं. त्या गाडीत नऊ पिंपं होती. काळूरामचं धरून आठ सापडली, त्यातली चार अजून भंगारवाल्याकडेच होती. दोन पिंपं कारखान्याच्या कामगारांच्या चाळीत होती, कपडे धुवायला. एक बेलपाड्याला इमारतीच्या कामावर, पाणी भरून, झाकण लावून. तिथल्या एका बाईने सांगितलं, वास जाईपर्यंत थांबलो होतो. नववं अजून कुठे आहे कोणाला माहीत नाही. रस्त्याने जाताना मला आता निळ्याशिवाय दुसरा रंग दिसत नाही. कालपासून चार अनोळखी घरांत शिरून पिंपांत डोकावले. एका म्हातारीने मला हाकलून दिलं.

अविनाशसरांचा फोन आला होता. आवाज अगदी मऊ. म्हणाले, निलंबनाचा आदेश निघतोय, उद्या किंवा परवा हातात पडेल, तोपर्यंत वर्ग सांभाळा, दुसरं कोणी नाही. मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. नववं पिंप डोक्यात होतं.

चिंधीच्या दोन बोटांची टोकं डॉक्टरांनी काढली. काल घरी आली आणि आज शाळेत. बापाने पाठवलं. मी काळूरामला विचारलं, माझ्याकडे पाठवतोस? म्हणाला, "शाळा तुमची येकटीची हाय का? आन् आता तुमी खोटं नाय सांगनार पोरीला."

म्हणून मी आज पाठ पुरा केला. आधी कागद जाळला. राख दाखवली, म्हटलं, याचा कागद होत नाही. भाजलेली भाकरी दाखवली, याचं पीठ होत नाही. फळ्यावर पहिल्या पाठापासून अडीच आठवडे तसंच राहिलेलं 'जातं ते परत येतं' मी पुसलं आणि लिहिलं, 'काही जातं ते परत येतं, काही येत नाही. कोणतं कुठलं, ते माहीत नसेल तर हात लावायचा नाही.' लांबलचक वाक्य, त्याला कोणी चाल लावली नाही. चिंधीने पट्टी बांधलेल्या हाताने वही दाबून धरली आणि उजव्या हाताने ते लिहून घेतलं, जीभ बाहेर काढून.

मग तुझं मीठ. काल सगळ्यांसमोर पाण्यात विरघळवून ताट पत्र्यावर ठेवलं होतं. आज ताटात पाणी नव्हतं आणि तळाला पांढरे खडे जमले होते. मी ताट मध्ये ठेवलं आणि म्हटलं, बघा, आलं परत. हात लावून बघा.

आत्या, अठरा मुलांनी अठरा जोड हात पाठीमागे बांधले. एकही हात पुढे आला नाही. रामू तर भिंतीला जाऊन टेकला. पांढरे खडे होते ना ते. मी म्हटलं, अरे मीठ आहे, तुमच्यासमोर तर टाकलं, रोज भाकरीत खाता. कोणी हललं नाही. मी मुलांना पदार्थाच्या अवस्था शिकवायला निघाले होते आणि मिठाला भ्यायला शिकवलं.

मग मी चिमूटभर मीठ उचललं आणि तोंडात टाकलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी गिळलं. म्हटलं, बघा, मी खाल्लं. आता या.

चिंधी उभी राहिली. मला वाटलं, ती येतेय. ती जागेवरूनच म्हणाली, "आज नाय, बाई. येक दिस बघायचं असतं. उंद्या तुमी आलात, की मंग आमी खाऊ."

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

ताट तसंच झाकून वर्गात ठेवलंय. सकाळची शाळा सात वाजता भरते. आदेश आज संध्याकाळपर्यंत आलेला नाही, पण उद्या फाटकातच हातात पडला तर मला वर्गात पाय ठेवता येणार नाही. फाटकाबाहेरचा रस्ता मात्र कोणाच्या आदेशाखाली नाही. मी सात वाजायच्या आत तिथे जाऊन उभी राहणार आहे, वाडीची वाट दिसते तिथे. अठराही जण येईपर्यंत हलणार नाही. त्यांना मी दिसले पाहिजे.

तुझी
दिपिका